रविवारचा एक प्रहर झाडाखाली

"चार घटका रानात जाऊन बसा, मन हलके होईल," असे आम्ही वस्तीत सांगू लागलो की माता-भगिनी हसतात. म्हणतात, "दादा, आम्ही तर रोजच रानात असतो. खुरपं घेऊन!"

त्यांचे म्हणणे खरे आहे. सोयाबीनची काढणी, उसाची तोडणी, सरपणाची मोळी. आपल्या समाजाने रान पाहिले ते कष्टापायी. पण रानात राबणे वेगळे आणि रानात विसावणे वेगळे. राबताना वेळ मालकाचा असतो, विसावताना तो आपला असतो.

हा आपला वेळ कष्टकऱ्याला कोणी फुकट दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. त्यामागे महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेला लढा होता.

फिरण्याचा आनंदही आपल्याला सहज लाभलेला नाही. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदात हातपाय धुतले, तोच पाणी बाटवले म्हणून जमाव धावून आला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण कोणी पाण्याला शिवू नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत देऊन! तो मुलूख तेव्हा निजामाचा होता आणि आपला धाराशिव जिल्हाही त्याच राज्यात होता. म्हणून झऱ्याकाठी बसून ओंजळभर पाणी तोंडावर मारणे ही आपल्यासाठी किरकोळ गोष्ट नाही. तो मिळवलेला हक्क आहे.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. जपानच्या सरकारी वनखात्याने १९८२ साली 'वनस्नाना'चा पुरस्कार केला. वनस्नान म्हणजे जंगलात सावकाश चालणे, पाहणे, ऐकणे, वास घेणे. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून किमान १२० मिनिटे झाडाझुडपांत घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती चांगली आहे, मन समाधानी आहे असे सांगणारे अधिक आढळले. ही दोन तास सलग असोत वा तुकड्यातुकड्याने, फरक दिसला नाही. अर्थात याने गोळ्या बंद करू नयेत. रक्तदाब, साखर किंवा सततची उदासी असेल तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

आपला जिल्हा दुष्काळी खरा, पण अगदीच उघडाबोडका नाही. येडशीजवळ रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे. पावसाळ्यात तिथे धबधबा वाहतो, माकडे तर अंगणातल्यासारखी वावरतात. नळदुर्गला बोरी नदी भरली की किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोसळतात. तेरला तेरणा नदीचा काठ आहे. हेच प्राचीन तगर. इथे बौद्ध स्तूपाचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. मुलांना तेही दाखवावे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले, तेव्हा खर्चही आटोक्यात राहतो. तेवढेही जमत नसेल तर गावाबाहेरचा लिंब, वड, विहारासमोरचा पिंपळ आहेच. तथागतांना बोधी प्राप्त झाली तीही पिंपळाखालीच.

आमची सूचना एवढीच. महिन्यातून एक रविवार घरातल्या बाईला खरी सुट्टी द्यावी. त्या दिवशी पिठलं-भाकरी पुरुषांनी करून बांधून घ्यावी. बाटली आणि मोठ्या आवाजाची गाणी घरीच ठेवावीत. वाहत्या पाण्यात पोरांना एकटे सोडू नये, माकडांना खाऊ घालू नये, कचरा परत आणावा. तिथे पोहोचल्यावर काही वेळ कोणी कोणाला काम सांगू नये. शांत बसावे, श्वासाकडे लक्ष द्यावे, पाखरे ऐकावीत.

लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार गिरणीतल्या पुरुषापर्यंत पोहोचला, कचेरीतल्या कारकुनापर्यंत पोहोचला. आपल्या चुलीपर्यंत तो अजून यायचा आहे. तो आणणे आपल्याच हातात आहे.