मोटारीचा आस

बैलगाडीचे चाक तुम्ही रोज पाहता. गाडीचा आस जागचा हलत नाही, चाक त्याच्याभोवती फिरते. बैल ओढतात म्हणून ते फिरते. वंगण घालायला विसरलात तर गाडी कुरकुरते. तशीच रेटली तर आस झिजतो.

मोटारीचे तसे नाही. तिथे आसच चाकाला फिरवतो. मारुती ८०० ही लहान मोटार १९८३ साली निघाली. २०१४ साली ती बनवणे बंद झाले, तरी जुन्या गाड्या अजून धावतात. आमच्याकडे एक आहे. या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते. म्हणजे पुढच्या चाकांना दोन कामे. गाडी ओढायची, आणि वळायचेही! आस फिरला पाहिजे आणि वाकलाही पाहिजे. आता लोखंडी दांडा वाकेल कसा? म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. चाकाकडच्या सांध्यात पोलादाच्या सहा गोळ्या असतात. आपला हात खांद्यातून कसा हवा तसा फिरतो, तसेच हे आहे.

सांध्यात ग्रीस भरलेले असते. ग्रीस म्हणजे वंगणच. त्यावर लोहाराच्या भात्यासारखे घड्यांचे रबरी आवरण असते. मिस्त्री लोक त्याला बूट म्हणतात. सारे दुखणे या बुटापासून सुरू होते. रबर जुने झाले की चिरते. मग ग्रीस बाहेर उडते, धूळ आणि पाणी आत जाते, आणि सांधा आतून भरडू लागतो.

हे ओळखावे कसे? मोकळ्या जागी स्टिअरिंग एका बाजूला पुरते वळवा आणि गाडी हळू चालवा. 'कट-कट-कट' असा आवाज आला, तर सांधा झिजला असे समजा. चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीसही उडालेले दिसेल. आस पुरता तुटला, तर इंजिन चालते, गिअर पडतो, पण गाडी हलत नाही. अशी गाडी उतारावर नुसती गिअरमध्ये ठेवली तर घरंगळेल. हातब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा.

आमच्या गाडीचा डावा आस गेला, तेव्हा आम्ही तो घरीच बदलला. डाव्या-उजव्या आसाची लांबी सारखी नसते, म्हणून दुकानात बाजू सांगूनच नवा आणला. मागच्या चाकांना दगड लावले. पुढच्या चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो. त्याची पिन काढून तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने पान्याला लांब पाइप लावून जोर करायचा. गाडी जॅकवर चढवल्यावर असा जोर केला तर ती खालीच यायची.

इथवर ठीक झाले. पुढे आम्ही चुकलो. जॅक अंगणातल्या मातीवरच लावला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. चाक काढले, आणि पुतण्या गाडीखाली शिरायला वाकला. तोच ओट्यावरून वहिनी ओरडल्या, "अरे, ते काढलेलं चाक तरी आधी खाली सरकव!" त्याने कुरकुरत चाक आडवे करून गाडीखाली सरकवले. तेवढ्यात जॅक मातीत कलला आणि गाडी धाडकन त्या चाकावर बसली.

घटकाभर कोणी बोलले नाही. मग जाडजूड फळी आणली, जॅक तिच्यावर लावला, आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून लोखंडी घोडी आणून गाडी तिच्यावर टेकवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली आता आमच्या घरात कोणी जात नाही.

पुढचे काम तसे सोपे. आधी गिअरचे तेल घमेल्यात काढून घेतले. चाकामागचा खालचा सांधा सोडवला. नट पुरता काढून आसाच्या टोकावर लाकडी ठोकळा ठेवून ठोकले. हातोडा थेट मारला तर आटे बिघडतात. आस चाकाकडून सुटला. ब्रेकच्या नळीला ताण पडू दिला नाही. आतले टोक पहारीसारख्या लोखंडी पट्टीने हलकेच उचकटून गिअरपेटीतून काढले. नवा आस सरळ धरून आत सारला. तिथे रबरी सील असते, ते फाटले तर तेल गळते. टोक 'टक्' करून बसले. तरी हाताने ओढून पाहिले.

मग सारे उलट्या क्रमाने जोडले. मोठा नट गाडी खाली उतरवल्यावरच गाडीच्या पुस्तकात लिहिला आहे तेवढा आवळला आणि नवी पिन घातली. गिअरचे तेल भरायचे पुतण्या विसरत होता, वहिनींनीच घमेले दाखवले. जुने तेल मातीत न ओतता डब्यात भरून मिस्त्रीकडे दिले आणि गाडीत नवे भरले.

संध्याकाळी माळावर गाडी दोन्ही बाजूंना गोल फिरवली. आवाज नव्हता. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवले. सकाळी त्यावर तेलाचा एकही डाग नव्हता.