खिडकी उघडी राहिली पाहिजे

पहाटे बोईसरच्या बुकिंग ऑफिससमोर एकच रांग लागते, पण तिच्यात उभी असलेली माणसं एका गावची नसतात. तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी केलेला, गावाकडे निघालेला बिहारचा कामगार असतो. भाजीची पाटी भिंतीला टेकवून पुढे सरकणारी बाई असते. विक्रमगडच्या बाजूने आलेलं आणि वसईला बांधकामावर निघालेलं वारली जोडपं असतं. त्यांच्या मागे कॉलेजचं पत्र हातात धरून पास काढायला आलेला मुलगा. काचेच्या गोल भोकातून प्रत्येक जण आपलं स्टेशन सांगतो. कुणी मराठीत, कुणी हिंदीत, कुणी गुजरातीत, आणि कुणी नुसतं बोटाने फलक दाखवून.

या खिडकीबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. लिहिलं जातं ते गाड्यांबद्दल, आणि ते साहजिक आहे. विरारच्या पुढच्या प्रवाशांनी गाड्यांसाठीच वर्षानुवर्षं अर्ज केले, मोर्चे काढले. 16 एप्रिल 2013 रोजी चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, त्यामागे डहाणू-वैतरणा प्रवासी सेवाभावी संस्थेसारख्या संघटनांचा पाठपुरावा होता. पुढे डिसेंबर 2020 च्या सुरुवातीला सौराष्ट्र एक्स्प्रेसची वेळ बदलली, तेव्हा पालघर-सफाळे पट्ट्यातले प्रवासी थेट रुळांवर उतरले. गाडीची वेळ बदलली की ती सगळ्यांना एकाच सकाळी कळते, म्हणून माणसं एकत्र येतात. खिडकीचं तसं होत नाही. चारपैकी दोन खिडक्यांवर पडदा ओढलेला असतो. कुणी म्हणतं माणूस जेवायला गेलाय, कुणी म्हणतं बदलीवर गेलाय आणि जागा भरलेली नाही. काही महिन्यांनी तो पडदा भिंतीचाच भाग वाटू लागतो. खिडकी बंद केल्याचा आदेश निघालेलाच नसतो, मग विरोध कशाला करायचा?

तिकीट देण्याची ही रीत जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवर थॉमस एडमंडसन नावाचा स्टेशनमास्तर होता. 1830 च्या दशकात त्याने क्रमांक छापलेलं पुठ्ठ्याचं तिकीट आणि त्यावर तारीख उमटवणारं यंत्र काढलं. 1864 मध्ये बी.बी. अँड सी.आय. रेल्वेने मुंबई आणि बडोदा जोडले, आणि पुढे आपल्या या पट्ट्यातही तीच पुठ्ठ्याची तिकिटं आली. क्रमांकामुळे हिशेब लागायचा: सकाळचा क्रमांक आणि रात्रीचा क्रमांक यांच्यातला फरक म्हणजे विकलेली तिकिटं. 2002 पासून संगणकीय अनारक्षित तिकीट आलं, पुठ्ठा गेला, पण हिशेबाची शिस्त तीच राहिली. ड्युटीवर बसताना बुकिंग क्लार्कला स्वतःच्या खिशातली रोकड वहीत नोंदवावी लागते. पाळी संपली की गल्ला मोजायचा, आणि कमी भरला तर पदरचे घालायचे. मागे गाडीचा भोंगा वाजतोय, समोर पाचशेची नोट आणि दहा रुपयांचं तिकीट, आणि रांगेतून ‘लवकर करा’ची ओरड. अशा वेळी एकही चूक परवडत नाही.

तिकीट फाडून देणं हा त्या कामाचा एक भागच. ‘ही वापीला जाते का?’, ‘सुरतची मेमू कुठे लागेल?’, ‘कालचा पास आज चालेल का?’ हे सगळं त्याच काचेतून विचारलं जातं. कॅन्सरच्या रुग्णाला टाटा हॉस्पिटलला जायचं असेल, तर डॉक्टरच्या सहीचा सवलतीचा फॉर्म तिथेच तपासला जातो. कॉलेजच्या पत्रावर विद्यार्थ्यांचा पास तिथेच निघतो. 2009 च्या रेल्वे अर्थसंकल्पात गरीब प्रवाशांसाठी पंचवीस रुपयांचा इज्जत पास आला, तोही कागद पाहून खिडकीवरच द्यायचा होता. कागद वाचून ‘हा तुमचाच ना?’ असं विचारणारा आणि शिक्का पुसट असेल तर समजून घेणारा माणूस आत बसलेला आहे, हे या सगळ्या सवलतींनी गृहीत धरलेलं आहे.

पर्याय नाहीत असं मी म्हणत नाही. पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट ते डहाणू रोड पट्ट्यात 2015 मध्ये मोबाइलवरचं कागदविरहित तिकीट आलं आणि हजारो लोकांची रांग खरंच वाचली. तिकीट देणारी एटीव्हीएम यंत्रं आहेत, त्यांच्याशेजारी बहुधा निवृत्त रेल्वे कर्मचारी मदतनीस म्हणून बसतात. स्टेशनबाहेर जनसाधारण तिकीट सेवक माणशी थोडे जास्त पैसे घेऊन तिकीट देतात. हे सगळं चांगलंच आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की हे खिडकीच्या जोडीला असावं, खिडकीच्या जागी नाही. शिवाय यंत्रं येतात तशी जातातही. मुंबईकरांनी वर्षानुवर्षं यंत्रांत कूपनं पंच केली, ती यंत्रं 2015 मध्ये बंद झाली. त्या सगळ्या काळात काचेमागचा माणूस होता म्हणून काम अडलं नाही.

आणि पालघर म्हणजे अंधेरी नव्हे. अंधेरीला रांगेत पाच मिनिटं जास्त गेली तर पुढची लोकल मिळते. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगावला हातची गाडी गेली की पुढची तासाभराने असू शकते. मग मस्टर चुकतं, नाक्यावरची मजुरी चुकते, हॉस्पिटलचा नंबर चुकतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांना रेल्वेच नाही. तिथला माणूस एसटीने पालघरला उतरतो, तो गाडीला वीस मिनिटं उरलेली असताना. त्याच्याकडे फोन असला तरी त्यात पैसे भरायची सोय असेलच असं नाही, आणि पुष्कळ घरांत एकच फोन असतो, तो घरी राहिलेला. नेटवर्क मिळालं तरी प्लॅटफॉर्मवर उभं राहून ॲप सरळ तिकीट देत नाही. हातात मजुरीची रोकड असलेल्या माणसाला ॲपचा काहीच उपयोग नाही.

खर्चाचंही बघा. परगावचा कामगार दिवाळी-छठला आरक्षण काढतो, तेव्हा ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, एजंटाचे वेगळे. खिडकीवर फक्त भाडं. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तात्काळ तिकिटाला आधार पडताळणी लागते. ज्याच्या आधारला जुना नंबर जोडलेला आहे, तो खिडकीकडेच वळणार. म्हणजे ऑनलाइनच्या अटी वाढतील तशी काचेसमोरची रांगही वाढेल.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. 5 जुलै 2023 रोजी तिथल्या रेल्वे कंपन्यांनी बहुतेक तिकीट कार्यालयं बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. कारण दिलं की आता आठांपैकी एखादंच तिकीट खिडकीवर विकलं जातं, माणसं फलाटावर मदतीला पाठवू. नियमाप्रमाणे हरकती मागवल्या आणि सुमारे साडेसात लाख लोकांनी उत्तरं पाठवली. अंध, अपंग आणि वृद्ध प्रवाशांच्या संघटना त्यात पुढे होत्या. 31 ऑक्टोबर 2023 रोजी सरकारने प्रस्ताव मागे घ्यायला लावला. मला यातला विजय नाही, तर त्याआधीची पायरी महत्त्वाची वाटते. तिथे प्रस्ताव आधी लोकांपुढे ठेवला गेला. आठवा माणूस कोण, तो कुठून येतो, हे विचारायला वेळ मिळाला. आपल्याकडे हा प्रश्न एकेक खिडकी मिटवून आपोआप सुटतो.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. रेल्वे अधिनियम 1989 चं कलम 50 सांगतं की भाडं भरल्यावर प्रवाशाला रेल्वे कर्मचाऱ्याने किंवा अधिकृत एजंटाने तिकीट द्यायचं आहे. तोच कायदा विनातिकीट प्रवासावर दंडही लावतो, किमान अडीचशे रुपये आणि वर भाडं. तिकीट विकत घेण्याची वाट अरुंद करायची आणि दंड तेवढाच ठेवायचा, हे न्याय्य नाही. म्हणून पालघर आणि बोईसरच्या प्रवासी संघटनांनी आता गाड्यांसोबत खिडक्यांचीही मागणी लेखी लावून धरावी. कोणती खिडकी किती ते किती उघडी, याचं वेळापत्रक गाड्यांच्या वेळापत्रकाशेजारी मराठीत लागलं पाहिजे. एखादी बंद करायची असेल तर महिनाभर आधी नोटीस, आणि रेल्वेच्या विभागीय सल्लागार समितीपुढे प्रवाशांची सुनावणी. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या पाळीला तर सगळ्या खिडक्या उघड्या, कारण त्या वेळी एमआयडीसी सुटते, एसट्या येतात आणि पाट्या भरलेल्या असतात.