दुकानात चालतो, घरी बंद पडतो

"दुकानात नीट चालतो आणि घरी नेला की बंद पडतो," असं म्हणत गिऱ्हाईक तेच कॅबिनेट काखेत घेऊन परत येतं, तेव्हा माझं निम्मं काम झालेलं असतं. पौडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकण्याआधी मी एका वायरमनच्या हाताखाली होतो. त्यामुळे माझी नजर स्क्रीनच्या आधी भिंतीतल्या सॉकेटवर जाते. रॅम बदलणं, विंडोज नव्यानं टाकणं हे खर्च नंतरचे.

मुळशीत विजेचा विषय निघाला की जुनी माणसं धरणावर येतातच. 1921 साली इथल्या शेतकऱ्यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं आणि तिथली वीज मुंबईला जाते. आमच्या वाड्यांवर लाईट येते ती झाडीतून, लांबलचक तारांवरून. पण खरं सांगायचं तर कॉम्प्युटरचा घात करणारा दोष बऱ्याचदा खांबावर नसतो, घरातच असतो.

घोटावड्याच्या बाजूच्या एका काकूंचंच बघा. कॉम्प्युटर मध्येच बंद होऊन आपोआप सुरू व्हायचा. दुकानात दिवसभर चालवला, हूं की चूं नाही. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. 'कर्नल-पॉवर 41' अशा नोंदींची रांग लागलेली. मशीन रीतसर बंद न होता गेलं, एवढंच ही नोंद सांगते. कशानं गेलं ते सांगत नाही. नोंदींच्या वेळा मात्र बोलक्या होत्या, सगळ्या सकाळी सात-साडेसातच्या. "काकू, या वेळेला घरात काय चालू करता?" "टाकी भरायला बोअरची मोटर लावतो की!"

घरी जाऊन सॉकेटला मीटर लावला. 230 च्या जवळपास, म्हणजे झकास. मोटर लावली तसा आकडा 160 वर आला आणि ट्यूब फडफडली. शेजारच्या घरात त्याच वेळी व्होल्टेज जागेवर. म्हणजे दोष यांच्याच वायरिंगमध्ये. मेन स्विचच्या पुढे जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची नवी वायर नुसती पिळून, वर टेप गुंडाळून दिलेली होती. हे दोन धातू असे जोडले की सांध्यावर गंज धरतो, सांधा तापतो आणि जास्त करंट ओढला की व्होल्टेज तिथंच खातो. टेप सोडली तर आतून कोळसा. यूपीएस होता, पण रोजच्या या झटक्यांना बॅटरी पुरवून पुरवून तोही मेला होता. वायरमननं सांधा कापून योग्य कनेक्टर घातला. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, बदलावा लागला नाही.

अशी उघडझाप होत असेल तर आधी बघा: एकाच बोर्डावर होतंय, अख्ख्या घरात होतंय, की शेजारीही? शेजारीही होत असेल तर 1912 ला तक्रार करा. एक गोष्ट मात्र थांबून बघत बसण्याची नाही. काही दिवे मंद आणि काही एकदम झगझगीत झाले, तर कुठंतरी न्यूट्रल सुटलाय असं समजा. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. लगेच मेन स्विच पाडा. स्टॅबिलायझरच्या भरवशावर राहू नका.

तारीख-वेळ रोज चुकते एवढीच तक्रार असेल तर लाईटला दोष देऊ नका. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय, तो बदला.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे लोक हसत सांगतात. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मे, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आतली वायर खरोखरच बॉडीला लागली, तर तो करंट जमिनीत न्यायला वाटच नाही. आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा घेताना कातळ लागला की अर्धवट सोडतात. मीठ-कोळसा भरला तरी एप्रिल-मेमध्ये तो कोरडा ठणठणीत होतो, मग त्यात पाणी घालावं लागतं. आणि वळवाचा गडगडाट नेमका त्याच दिवसांत! तेव्हा कॉम्प्युटरचा प्लग काढाच, पण इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. झटका तिच्यातूनही येतो. बाजारातल्या स्वस्त स्पाइक गार्डांपैकी कित्येकांत लाल दिवा आणि बटण यांपलीकडे काही नसतं.

अर्थिंग तपासायला वायरमनकडून तीन मोजमापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी यायला हवीत आणि तिसरं एक-दोन व्होल्टांचं. घरात लोड चालू असताना तिसरं अगदी शून्य आलं तर मी खूश होत नाही, बोर्ड उघडायला लावतो. खड्ड्याचा खर्च वाचवायला कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरीचा तुकडा टाकलेला असतो. त्या घरचा न्यूट्रल ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी अख्खी फेज कॅबिनेटवर येईल. असा तुकडा सापडला की तो निघून खरं अर्थिंग होईपर्यंत मी तिथं मशीन जोडून देत नाही, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी.