पहिली पाळी, सीएसएसडी

सकाळी 7

रात्रपाळीकडून रजिस्टर ताब्यात घेते. सीएसएसडी म्हणजे हॉस्पिटलचा निर्जंतुकीकरण विभाग. ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरातल्या, कात्र्या, चिमटे, गाऊन, गॉज, सगळं इथूनच जातं आणि वापरलेली हत्यारं इथेच परत येतात. पेशंट मात्र आमच्या दारापर्यंत कधी येत नाही.

पहिलं काम ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणारं मशीन, तपासायचं. आत एकच पाकीट ठेवायचं, त्यात चाचणीचा कागद, आणि 134 अंशांवर साडेतीन मिनिटं. वाफ सगळीकडे पोचली तर कागदाचा रंग सारखा बदलतो. हवा अडकली असेल तर मधोमध फिकट राहतो, आणि मग ओटीत कितीही घाई असो, मशीन बंद. ते तापेपर्यंत मी प्रार्थना करते, एका वाक्याची: आज ज्यांच्या अंगाला ही हत्यारं लागतील त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, प्रभू, तुला आहेत.

8 वाजता

धुणं. रात्रीच्या सिझेरियनचे सेट आलेले असतात. आर्टरी फोर्सेप्स जवळून पाहिली तर तिच्या जबड्यावर बारीक दाते दिसतात, आणि दोन पाती जिथे एकमेकांत अडकतात तिथे एक सांधा. रक्त तिथेच बसतं. एन्झाइमच्या पाण्यात भिजवायचं, प्रत्येक सांधा उघडायचा, आणि पाण्याखाली बुडवूनच ब्रश फिरवायचा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. रक्ताचा थर राहिला तर त्याच्याखाली वाफ नीट पोचत नाही. हातानं न निघालेला मळ मशीन काढत नाही, उलट भाजून घट्ट करतं. म्हणून या विभागातलं सर्वांत मोठं काम मी धुण्यालाच मानते, आणि ते करणाऱ्या मावशींना सर्वांत कमी पगार आहे.

आमच्या मंडळीत पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हटलं की पाळकसाहेब आठवतात, नाहीतर मिशनरी. पण मार्टिन लूथरनं 1520 मध्येच लिहून ठेवलं, की चांभार, लोहार, शेतकरी यांना आपापलं काम सोपवलेलं आहे आणि तरी ते सगळे सारखेच याजक आहेत. माणसांचे व्यवसाय हे देवाचे मुखवटे आहेत, असंही तो म्हणे. देव जगाची काळजी घेतो ती या मुखवट्यांआडून. रात्री सिझेरियन झालेल्या बाईनं देवाकडे बाळ सुखरूप मागितलं असेल. त्या प्रार्थनेच्या उत्तरात मावशींचा ब्रश आहे, असं मी मनापासून मानते.

10 वाजता

चहा. आज नव्या मुलीनं विचारलं, "ताई, मिळालं ते काम देवानं दिलं म्हणायचं, तर मग माझ्या आजीनं गाव झाडत बसायला हवं होतं का?"

हा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. तेव्हाच्या अहमदनगरच्या बाजूला मिशनच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यात महार आणि मांग घराण्यांतली माणसं फार मोठ्या संख्येनं होती. जन्मानं गळ्यात पडलेल्या कामाला धर्म म्हणतात, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं. अशा माणसाला पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, 7व्या अध्यायातलं, 20वं वचन एकटंच वाचून दाखवणं क्रूरपणा आहे. पाचारण झालं त्या स्थितीतच राहा, एवढंच त्याला ऐकू येणार. पण लगेच 21व्या वचनात पौल दासाला सांगतो, की मोकळं होता येत असेल तर ती संधी घे. जात माणसाला त्याच्या जन्मावरून काम देते. पाचारण त्याला नावानं हाक मारतं आणि समोरच्या माणसाची गरज दाखवतं. गरज संपली, किंवा दुसरीकडे तुमची जास्त गरज असली, तर उठून जायलाही तीच हाक सांगू शकते. मी तिला म्हटलं, "तुझ्या आजीनं झाडू खाली ठेवला तेही पाचारणच होतं, बाळा."

साडेअकरा

पॅकिंग. भिंगाखाली टोकं बघायची, यादीप्रमाणे मोजायचं, जड हत्यारं तळाशी, दुहेरी कापड, वर टेप. टेपवर तारीख, लोडचा नंबर आणि बांधणाऱ्याची सही. ती सही ओटीत पाकीट उघडताना टेपबरोबर फाटते.

इथे मला केडगावची आठवण येते. पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलचं भाषांतर केलं. केडगावातल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला होत्या आश्रमातल्या बायका, विधवा, दुष्काळातून आलेल्या मुली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. एकेक खिळा उचलणाऱ्या त्या बोटांचं नाव वाचणाऱ्याला माहीत नसतं, तरी अक्षर जागेवर असतं.

दुपारी 1

लोड. पाकिटं कोंबायची नाहीत, मध्ये वाफेला वाट हवी. एक पाकीट ओलं निघालं, ते बाद. पुन्हा उघडा, पुन्हा बांधा. तेवढ्यात ओटीतून फोन, तोच सेट हवाय. पलीकडचे डॉक्टर चिडले. मी दुसरा सेट पाठवला, ओला दिला नाही. या कामात प्रेम नियम पाळूनच करता येतं, मऊ बोलून नाही.

3 वाजता

दुसरी पाळी आली. रजिस्टर दिलं, ओल्या पाकिटाची नोंद दाखवली. आता अर्ज द्यायला वर जायचंय: मावशींना कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मे, आणि कंत्राटदाराकडे अडकलेला मागच्या महिन्याचा पगार. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असं याकोबाच्या पत्रात आहे, 5व्या अध्यायात. अर्जात ते लिहिलेलं नाही. खाली सहा सह्या आहेत, पहिली मावशींची, आणि नव्या मुलीनं आपली सही सर्वांत मोठी केली आहे.