घोड्याच्या रक्तातून सापडलेली वाट

उच्च रक्तदाबाचं मूळ मूत्रपिंडात असू शकतं, हे १९३४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात हॅरी गोल्डब्लाट यांनी दाखवून दिलं. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी त्यांनी चांदीच्या बारीक चिमट्याने आवळली. रक्तदाब चढला, तो उतरेचना. मूत्रपिंडात रक्तदाब वाढवणारा रेनिन नावाचा पदार्थ असतो, असं स्वीडनमध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशांवर प्रयोग करून १८९८मध्येच सांगितलं होतं. पण त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नव्हतं. पुढे १९४०च्या सुमारास इंडियानापोलिस आणि ब्यूनोस आयर्समधल्या दोन गटांना स्वतंत्रपणे उलगडलं, की रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. ते रक्तातल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं आणि आवळण्याचं काम तो तुकडा करतो. आज त्याला अँजिओटेन्सिन म्हणतात.

हा तुकडा कशाचा बनलेला आहे, या प्रश्नाला लिओनार्ड स्केग्ज भिडले. १९१८ साली ओहायोत जन्मलेले हे जीवरसायनशास्त्रज्ञ क्लीव्हलँडमध्येच माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करत. मूत्रपिंड त्यांना नवं नव्हतं. रबरी पट्ट्यांमध्ये सेलोफेनचे पडदे बसवून रक्त गाळणारं कृत्रिम मूत्रपिंड त्यांनी जॅक लिओनार्ड्स यांच्यासोबत १९४८मध्ये तयार केलं होतं.

आता काम वेगळं आणि फार चिकाटीचं होतं. हवा तो पदार्थ रक्तात अगदी कणभर, म्हणून रक्त भरपूर हवं. ते घोड्याचं घेतलं. त्याच्या रक्तद्रवात डुकराच्या मूत्रपिंडातलं रेनिन मिसळायचं. मिळालेला अर्क एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांत घालून हलवायचा, थर बसू द्यायचे, वरचा थर पुढच्या नळीत सरकवायचा आणि पुन्हा हलवायचं. अशा नळ्यांच्या रांगेत एकेक पदार्थ हळूहळू आपापल्या जागी वेगळा होत जातो.

१९५४मध्ये स्केग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की हाती एक नाही, दोन पदार्थ येताहेत. कळीचा मुद्दा निघाला क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठातलाच एक घटक. ते असेल तर रक्तद्रवातलं आणखी एक विकर कामाला लागतं आणि पहिल्या पदार्थाचा दुसरा करतं. १९५६पर्यंत रचनाही उलगडली. पहिल्यात दहा अमिनो आम्लं. विकर शेवटची दोन कापतं, उरतात आठ. उंदराच्या वेगळ्या काढलेल्या मूत्रपिंडातून दोन्ही सोडून पाहिले, तेव्हा पहिल्याचा परिणाम जेमतेम आणि दुसऱ्याने रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या. घोड्यातली ती दहा आम्लं माणसातही त्याच क्रमाने असतात.

१९५७मध्ये या गटाने पुढचा विचार लिहून ठेवला: रेनिन अडवावं, कापणारं विकर अडवावं, किंवा शेवटच्या पदार्थाचा परिणाम अडवावा. भर होता रेनिनवर, कारण साखळी तिथेच सुरू होते आणि तिचा वेगही तिथेच ठरतो. औषधं मात्र वेगळ्या क्रमाने आली. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाने विकराला अडवण्याचा धागा दिला आणि १९८१मध्ये कॅप्टोप्रिल अमेरिकेत बाजारात आलं. तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. ते अडलं की तो साचतो, म्हणून कॅप्टोप्रिलच्याच गटातली एनालाप्रिल, रामिप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो. अशांना डॉक्टर बहुधा लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन देतात. ती तिसऱ्या वाटेची औषधं. यातलं पहिलं, लोसार्टन, १९९५चं. रेनिनला थेट अडवणारं अ‍ॅलिस्किरेन २००७मध्ये आलं, पण त्याचा वापर मर्यादितच राहिला. स्केग्ज २००२ सालीच वारले होते.

त्यांचं नाव जास्त घेतलं जातं ते ऑटोअ‍ॅनालायझरसाठी. १९५७मध्ये मांडलेल्या या यंत्रात रक्ताचे नमुने बारीक नळीतून एकामागून एक वाहतात, आणि मध्ये हवेचे बुडबुडे सोडल्याने एकाचा अंश दुसऱ्यात मिसळत नाही. प्रथिनं बाजूला काढायला त्यातही पडदाच आहे, कृत्रिम मूत्रपिंडासारखा. लॅबमध्ये दिवसभर युरिया मोजणाऱ्यांचे कष्ट त्याने वाचवले, हे थोरच. तरी मला नळ्यांच्या रांगेतलं ते निवडणं त्याहून मोठं वाटतं. दोन पदार्थ वेगळे झाले नसते, तर मधलं विकर कुणाला दिसलंच नसतं आणि अडवायचं काय, हेही कळलं नसतं.

रेनिनची ही साखळी अडवणाऱ्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. बाळाच्या मूत्रपिंडाला धोका असतो. इतरांनाही गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात. ती तपासणी टाळू नये. मूत्रपिंड नव्या गोळीशी कसं जुळवून घेतंय, हे त्या दोन आकड्यांतूनच डॉक्टरांना कळतं.