परगावी भाड्यासाठी घर घेताना

मालेगावात माग चालवून चार पैसे गाठीला बांधणारा आपला बांधव भाड्याने देण्यासाठी नाशकात फ्लॅट घेतो, तेव्हा बहुधा एजंटाच्या शब्दावर विसंबतो. इंडेक्स-२, सोसायटीची थकबाकी तपासावीच. पण खरी फसगत पुढे होते. भाडेकरू ओळखीचा, म्हणून करार तोंडी! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य. ते खोटे ठरवत बसायचे मालकाने. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. नळ गळला तर धावून जाणारा माणूस मात्र नाशकातच हवा. तो आधी शोधा, फ्लॅट नंतर.