फ्रिजचे पैसे आले, की फक्त मेसेज आला?

तारापूर एमआयडीसीत नोकरी बदलली की बोईसर-पालघरमधली भाड्याची खोली सुटते आणि फ्रिज ऑनलाइन विक्रीला निघतो. समोरचा घासाघीस करत नाही. स्वतःला लष्करी जवान म्हणवतो. मग मेसेज येतो : पाचऐवजी पन्नास हजार जमा! पाठोपाठ रडवेला फोन, ‘एक शून्य जास्त पडलं, उरलेले परत करा.’

मेसेज बँकेचा नसतोच. ‘परत’ जातात ते विक्रेत्याचेच पैसे. त्यामुळे आधी बँकेच्या अ‍ॅपमधली शिल्लक पाहावी. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने व्यक्तींमधील ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ बंद केली. पण स्वतःहून पाठवलेली रक्कम कोण अडवणार? फसल्याचे कळताच १९३० वर फोन करावा. पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येऊ शकतात.